कार्बोरेटर शेवटी उघडायचा

मंडळाच्या सचिवांनी या वर्षीच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला इतिहास म्हटलं की महादजी आठवतात, दौलतराव आठवतात, 1810 साली लष्कर कसं वसलं ते आठवतं. त्यावर अधिकाराने लिहिणारे आपल्यात आहेत. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या एका खात्यात उपयंत्री. माझ्या हातात मोडी कागद कधी आला नाही, पाना आला. तेव्हा पान्याला जो इतिहास लागला तोच लिहितो. तो आहे आमच्या देवडीत उभ्या असलेल्या बुलेटचा आणि तिच्या एका दुखण्याचा.

दुखणं असं. 2023च्या दिवाळीनंतर गाडी एका जागी नीट उभी राहीना. म्हणजे स्टँडवर नाही, चालू अवस्थेत. आमच्याकडचे मिस्त्री याला 'स्लो' म्हणतात. गाडी स्लोवर लावली की तिने डुग-डुग-डुग असा एकसारखा ठेका धरायला हवा. तसं न होता ठेका कधी घाई करायचा, कधी दम तोडायचा, आणि मधेच सीटखालून 'फट्' असा आवाज यायचा, कुणी चुटकी वाजवावी तसा. इंदरगंजच्या चौकात सिग्नलला थांबलो की एक फट्, दोन फट्, आणि गाडी बंद. मागचे हॉर्न वाजवतात, आपण किक मारतो. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

आणि अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. कुणाकडे सासऱ्यांची येझदी, कुणाकडे राजदूत, कुणाकडे चेतक. चालवत कुणी नाही, पण विकवतही नाही. आमची बुलेट या जानेवारीत पस्तीस वर्षांची होईल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे जानेवारी 2026ला पुन्हा तपासणी. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, स्लोवर थांबत नाही ती गाडी पास कोण करणार? देऊन टाका." घरात प्रश्न हा होता. दुखणं सापडतं की गाडी भंगारात जाते.

आता थोडं मागे जातो, कारण हे दुखणं कळण्यासाठी कार्बोरेटर हा प्राणी काय आहे ते माहीत असावं लागतं. मलाही ते डिप्लोमाच्या पुस्तकातून नीट कळलं नव्हतं.

1885 साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचं इंजिन बसवलं. तिलाच जगातली पहिली मोटरसायकल मानतात. अर्धा हॉर्सपॉवर. तिच्यात आजच्यासारखा कार्बोरेटर नव्हता. पेट्रोलच्या भांड्यातून हवा जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. पेट्रोल जास्त उडालं तर वाफ दाट, थंडी असली तर पातळ. त्यावर कुणाचा ताबा नाही. 1893 साली बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेट्रोलचा फवारा करणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास मायबाखनेही तसाच फवारा बसवला. हंगेरीत अशी कथा सांगतात की बांकी-चोंकांना ही कल्पना एका फुलं विकणाऱ्या मुलीला फुलांवर पाण्याचा फवारा मारताना पाहून सुचली. कथा खरी असो वा नसो, समजायला सोपी आहे. न्हाव्याच्या दुकानात पाण्याची बाटली असते ना, पिचकारीची, तेच यंत्र. अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या भांड्यातलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढलं जातं. त्या छिद्राला जेट म्हणतात.

यातली एक गोष्ट महत्त्वाची, जी मला चाळिशी उलटल्यावर उमगली. कार्बोरेटर मोजत नाही. त्याला डोकं नाही. पिस्टन खाली जातो, ओढ निर्माण होते, त्या ओढीच्या मानाने तो पेट्रोल देतो, बस. ओढ बरोबर असेल तर मिश्रण बरोबर. ओढ चुकली तर तो इमानदारीने चुकीचं मिश्रण देईल, आणि आवाज त्याच्याच तोंडातून येईल. आवाज त्याच्या तोंडातून आला म्हणून लोक त्यालाच धरतात.

1927 साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र होऊन 'अमल' ही कंपनी झाली. इंग्रजी मोटरसायकलींवर पुढची चाळीसेक वर्षं हिचाच अंमल होता. (लहानपणी नानांच्या जुन्या पुस्तकात हे नाव वाचून मला वाटायचं, कुणी अमलबाबू नावाचा बंगाली इंजिनियर असेल.) इंग्लंडमधल्या रेडिच गावची रॉयल एनफिल्डही याच घराण्यातली. 1949 सालापासून तिथे साडेतीनशे सीसीची नवी बुलेट निघाली, पुढे-मागे शॉकअब्सॉर्बर असलेली. भारतीय सैन्याने 1952 साली मद्रास मोटर्समार्फत बुलेटची मागणी नोंदवली, आणि गाड्या 1953च्या सुरुवातीला आल्या. त्या आवडल्या. 1955 साली एनफिल्ड इंडिया झाली, मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग साचे आणि यंत्रंच इंग्लंडहून आणून इथेच निर्मिती. पुढे रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला, काही वर्षांत इंग्रजी कंपनीही मिटली, आणि मद्रासला मात्र 1950च्या दशकातलं तेच इंजिन बनत राहिलं. 70 मिलिमीटरचा बोर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी. बाप गेला आणि मुलाने दुकान चालवलं, मालही तोच, तराजूही तोच. आपल्या दौलतगंजात अशी दुकानं मोजून दाखवता येतील.

कार्बोरेटर तेवढा बदलला. जपानच्या मिकुनी कंपनीच्या सहकार्याने मद्रासची युकॅल कंपनी कार्बोरेटर करू लागली, त्याचं नाव मिककार्ब. आमच्या गाडीवर तोच आहे. म्हणजे नकाशा इंग्रजी, कारखाना तामिळ, कार्बोरेटर जपानी घराण्यातला आणि मालक मराठी. ग्वाल्हेरला हे काही नवं नाही. ज्या शहरात महाराजांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरून पाहुण्यांना पेयं वाढत असे, तिथे यंत्राचं वेड जुनंच.

माधवराव महाराजांनीच 1905 साली ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला. सुरुवातीला गुराढोरांचा. बैल, घोडे, उंट यायचे. आज त्याच मेळ्यात लोक गाड्या घ्यायला येतात, रोड टॅक्सची सवलत मिळते म्हणून इंदूर-भोपाळचे लोकसुद्धा जानेवारीची वाट बघतात. बैलांच्या बाजारात बैलाचे दात बघायचे, चाल बघायची, कान हलतात का बघायचं. नाना 1991च्या जानेवारीत मेळ्यात बुलेट घ्यायला गेले तेव्हा त्यांनी नेमकं तेच केलं. ए.जी. ऑफिसमधली नोकरी, जी.पी.एफ.मधून काढलेले पैसे, वय अठ्ठेचाळीस. मी त्यांच्याबरोबर होतो, अकरावं लागलेलं. स्टॉलवाल्याला त्यांनी गाडी चालू करायला सांगितली आणि शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसले. दहा मिनिटं बसले. मी कंटाळलो. "नाना, घ्यायची ना?" तर म्हणाले, "थांब, गरम झाल्यावर कशी बोलते ते बघू."

ज्यांनी जुनी बुलेट चालू केली नाही त्यांना सांगतो, तो विधी होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक लावायचा, चावी फिरवायची, हेडलाइटच्या डोक्यावरच्या ॲम्पिअर मीटरचा काटा बघत किक हळूच दाबायची. काटा मधोमध आला की डीकंप्रेसरची बारकी दांडी ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, आणि मग पूर्ण किक. घाई केली तर गाडी पायाला उलटा झटका द्यायची. रविवारी सकाळी पूजा झाली की नाना हे करायचे आणि गल्लीतली पोरं जमायची. काकांकडे येझदी होती, तिला असलं काही लागत नसे, त्यामुळे काका नानांना भटजी म्हणायचे.

आता दुखण्याकडे येतो.

मी डिप्लोमावाला, तेव्हा पहिल्या दिवशीच निदान केलं: कार्बोरेटरमध्ये कचरा. उघडला, धुतला, जेट फुंकले, लावला. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी फट्. मग एका मिस्त्रीकडे नेली. त्याने पुन्हा उघडला, सुई बदलली, पैसे घेतले. आठवडाभराने दुसऱ्याकडे. त्याने ॲक्सिलरेटरची केबल ताणून स्लो इतका वाढवला की गाडी उभ्या-उभ्या ट्रॅक्टरसारखी धडधडायची. आवाज दबला, पण चौकात क्लच सोडला की गाडी उडी मारायची. तिसरा म्हणाला, "भैया, कारबोरेटर ही बदलवा लो, रोज़ का झंझट ख़तम." बाजारात कार्बोरेटर मिळतो, पण खरा कोणता आणि नकली कोणता ते डबीवरून कळत नाही. तरी मी घेणार होतो.

नाना आता ब्याऐंशीचे. गुडघ्यामुळे गाडीवर बसत नाहीत. देवडीत खुर्ची टाकून बसतात. कार्बोरेटर चौथ्यांदा उघडायला मी पाना घेतला तेव्हा म्हणाले, "किती वेळा उघडलास?"

"चार."

"आणि टॅपेट किती वेळा पाहिलंस?"

पाहिलंच नव्हतं.

"कार्बोरेटर शेवटी उघडायचा. त्याला बाकीच्यांनी काय दिलंय ते आधी बघ."

पुढचे तीन रविवार आम्ही दोघांनी घालवले. ते खुर्चीवर, मी जमिनीवर. पूर्वी उलट असायचं.

आधी आवाज कुठला ते ठरवलं. लोक सगळ्यालाच बॅकफायर म्हणतात, पण दोन वेगळे आजार आहेत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे सायलेन्सरमध्ये पटाके फुटतात, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटल्यामुळे. पुढे कार्बोरेटरच्या तोंडातून फट् येतो, तो मात्र ज्वाळा उलटी फिरल्यामुळे. नानांनी मला सायलेन्सरशी हात धरून उभं केलं आणि स्वतः सीटखाली कान लावला. फट् झालं तेव्हा माझ्या हाताला सायलेन्सरचा श्वास चुकल्याचं जाणवलं, धमाका नाही. म्हणजे पुढचाच आजार.

ज्वाळा उलटी का फिरते? फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळी आतली आग विझलेली असायला हवी. व्हॉल्व्ह नीट बंदच होत नसेल, किंवा ठिणगी भलत्या वेळी पडत असेल, किंवा मिश्रण इतकं पातळ असेल की ते हळूहळू जळत राहून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत धुमसत असेल, तर ती आग दारातून बाहेर डोकावते. पातळ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. ओल्या लाकडाची चूल जशी विझतही नाही आणि पेटतही नाही, तसं.

पहिला रविवार टॅपेटचा. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं राहिलेलं. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की दोन उभ्या सळ्या दिसतात. पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणून त्या सळ्या बोटांनी फिरवायच्या. बुलेटला थंड इंजिनात फट मुळीच ठेवायची नसते, पण सळी बोटांनी सहज फिरली पाहिजे. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह टांगलेला राहतो. आमची एक्झॉस्टची फिरली, इनलेटची किंचित जड होती. सैल केली. गाडी थोडी सुधारली. फट् कमी झाले, गेले नाहीत. नाना म्हणाले, चार आण्याचं काम झालं.

दुसरा रविवार पॉइंटचा. आमच्या गाडीत अजून जुने कॉन्टॅक्ट पॉइंट आहेत. त्यांच्यातली फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. फिलर गेज नानांच्या डब्यात गंजलेलं सापडलं, ते घासून वापरलं. पॉइंटच्या खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. गाडीचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर पडते. स्प्रिंगा ढिल्या झाल्या की स्लोवरसुद्धा वजनं इकडेतिकडे होतात आणि ठेका वरखाली होतो. आमच्या स्प्रिंगा ठीक निघाल्या. अंधार करून पॉइंटवरची ठिणगी पाहिली. कंडेन्सर गेला असता तर तिथे मोठी ठिणगी उडाली असती. नव्हती. पॉइंट घासून सारखे केले. फरक नाही.

तिथे मला वाटलं, आता कार्बोरेटरच. नाना म्हणाले, "चोक ओढ." गाडी गरम होती, गरम गाडीला चोक कोण ओढतो? ओढला, आणि ठेका एकदम सुधारला. डुग-डुग-डुग, घड्याळासारखा. चोक परत ढकलला की पुन्हा धाप. हीच ती परीक्षा, आणि ती मला माहीत असूनही सुचली नव्हती. चोकने पेट्रोल वाढतं. पेट्रोल वाढल्यावर बरं वाटत असेल तर मिश्रण पातळ आहे. उलट चोकने आणखी घुसमटली असती तर मिश्रण दाट. प्लग काढून पाहिला तर पांढुरका, बिस्किटाच्या रंगाचा नाही. तेही तेच सांगत होता. (एक लक्षात असू द्या, जानेवारीच्या ग्वाल्हेरी थंडीत सकाळी पहिल्या दोन मिनिटांत दोन-तीन फट् झाले तर घाबरू नये. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून. दुखणं ते, जे गरम झाल्यावरही राहतं.)

पातळ का? एकतर पेट्रोल कमी येतंय, नाहीतर हवा चोरवाटेने येतेय. आणि गाडी पळताना ठीक, फक्त उभी असताना बिघडते, हा चोरवाटेचा मोठा पुरावा. स्लोवर कार्बोरेटरचं दार जवळजवळ मिटलेलं असतं, इंजिन घोटभर हवेवर जगतं. त्यात सुईएवढ्या भोकातून आलेली हवासुद्धा मोठी भेसळ. पळताना तीच हवा समुद्रात तांब्या ओतल्यासारखी.

तिसऱ्या रविवारी नानांनी तेलाची चोचवाली डबी मागवली. गाडी स्लोवर ठेवून, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी जोडावर पातळ तेलाचा एक-एक थेंब सोडायचा. जिथे भेग असेल तिथे तेल क्षणभर भोक बुजवतं आणि ठेका बदलतो. काही मिस्त्री हे पेट्रोलचे थेंब टाकून करतात. गरम इंजिनावर तसं कधीही करू नका. वरून तेल टाकलं, काही नाही. बाजूंनी टाकलं, काही नाही. मग मी जमिनीवर आडवा होऊन खालून, जिथे हात जात नाही तिथे, डबीची चोच वाकवून थेंब सोडला. गाडी सावरली. तीन-चार सेकंद सावरली आणि पुन्हा धापा टाकू लागली. नाना खुर्चीवरूनच म्हणाले, "तिथेच."

रबर काढलं. वरून गुळगुळीत, खालच्या पोटाला बारीक चिरा. हातात घेऊन वाकवल्यावरच तोंड उघडत होत्या. चार वेळा कार्बोरेटर काढताना मी तेच रबर चार वेळा पिळलं होतं, म्हणजे थोडीफार भर माझीही. नवं रबर दीडएकशे रुपयांचं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण नवं रबर लावूनही पूर्ण समाधान झालं नाही. फट् गेले, ठेका मात्र थोडा कोरडा राहिला. आता मात्र कार्बोरेटर उघडायची परवानगी मिळाली. स्लोचं पेट्रोल ज्या पायलट जेटमधून येतं त्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमली होती. मी आधी फुंकून साफ केलं होतं, पण बारीक छिद्राच्या आत राहिली होती.

ही भुकटी नानांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. इथून पुढचा इतिहास माझ्या पिढीचा आहे. पेट्रोल तेच राहिलेलं नाही. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं. मग इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीपासून, धान्यापासून केलेला अल्कोहोल, मिसळणं सुरू झालं. 2022च्या जूनमध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांवर पोचली, 2023च्या फेब्रुवारीत 20 टक्केवालं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनाभर उभी राहिली, जशी आपल्या जुन्या गाड्या राहतात, तर ते पाणी कार्बोरेटरच्या तळाशी धातूला खातं आणि पांढरी भुकटी होते. जुन्या प्रकारच्या रबरालाही ते मानवत नाही. आमच्या रबराच्या चिरा त्याने पडल्या की पस्तीस वर्षांच्या वयाने, यावर घरात दोन पक्ष आहेत.

पण मोठी बाब वेगळी, आणि ती मी कागदावर मांडून नानांना दाखवली. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला लागते साधारण 9 किलो, कारण ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. वीस टक्के मिसळलं की हिशेब येतो साडेतेराच्या आसपास. आमच्या कार्बोरेटरचे जेट जुन्या पेट्रोलसाठी कापलेले. त्याला डोकं नाही हे आधी सांगितलंच. तो जुन्या मापानेच वाढत राहतो. म्हणजे काहीही न बिघडता मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्या सायलेन्सरमधल्या सेन्सरने हे ओळखतात आणि पेट्रोल वाढवतात. 1991ची बुलेट ओळखत नाही. तिच्यात पूर्वी थोडी गंगाजळी होती, किंचित जड टॅपेट, बारीक चीर, अर्धं बुजलेलं जेट, हे सगळं ती पोटात घालायची. ती गंगाजळी नव्या पेट्रोलने खाल्ली. म्हणून तीन बारीक दोष, जे एकेकटे कदाचित कळलेही नसते, एकत्र होऊन चौकात फट् फट् करू लागले.

उपाय मोठा नाही. पायलट जेट एक नंबर मोठं घातलं, आणि हवेचा स्क्रू जुळवला. यातही लोक गोंधळतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत घट्ट केला की मिश्रण दाट होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. आत घट्ट केला की पातळ. आमचा हवेचा. गाडी गरम करून तो इकडे-तिकडे पाव-पाव फेरा फिरवत, ठेका सगळ्यात जलद आणि एकसारखा होईल तिथे थांबवायचा, मग स्लोचा स्क्रू कमी करायचा. हे काम नानांच्या कानाने केलं. मी फिरवत होतो, ते बोट वर-खाली करत होते.

येझदी-राजदूतवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात टॅपेट नाहीत. तिथे चोरवाट बहुधा क्रँकच्या ऑइल सीलमधून असते. बाकी क्रम तोच.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. 1893 ते 2020. माझ्या मुलाच्या गाडीत तो नाही. तिला काही झालं की मिस्त्री लॅपटॉपची वायर जोडतो आणि दोष आकड्यात येतो. मला त्यात वाईट वाटत नाही, ती गाडी आमच्या बुलेटपेक्षा कितीतरी कमी धूर सोडते आणि जास्त चालते. फक्त महाराजबाड्यापासून शिंदे की छावणीपर्यंत आता असे मिस्त्री थोडे उरले आहेत जे आधी पाना न उचलता दहा मिनिटं नुसते ऐकतात. आणि त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात आहेत.

नूतनीकरणाचा फॉर्म भरून ठेवला आहे. परिवहन आयुक्तांचं कार्यालयच आपल्या गावात, तेव्हा दूर जायची सबब नाही. मुलगा परवा सकाळी खाली आला, काही न बोलता किक मारली, पहिल्या झटक्यात पायाला उलटा बसला. नाना म्हणाले, "काटा बघ आधी." त्याने काटा बघितला, दांडी ओढली, पुन्हा मारली. गाडी चालू झाली आणि नानांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. गरम व्हायला दहा मिनिटं लागतात.